सरी, वरंबा आणि सुलट-उलट

पश्चिम आयर्लंडचे फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. ओला हिरवा डोंगर, खाली करडा समुद्र, मधेच गोर्सची पिवळीधमक झुडपं. विणकामाचे डिझायनर तिथे जातात, पायी भटकतात आणि परत येऊन लोकरीच्या नव्या शेड्स काढतात. एका लडीला कड्याचं नाव, दुसरीला धुक्याचं.

कॉनेमारा किंवा मेयोच्या उतारांवर एक गोष्ट विणणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की गवताखालून उभ्या समांतर रेघा वर येतात. एक उंच, एक खोल, पुन्हा एक उंच. दोन सुलट, दोन उलट विणून स्वेटरची बॉर्डर करावी, अगदी तशा. सुंदर दिसतं, आणि पॅटर्न तर तयारच असतो.

त्या रेघा म्हणजे बटाट्याचे वरंबे आहेत. गवताची ढेपळं उलटी करून, खाली समुद्रशेवाळाचं खत घालून, मधल्या सऱ्यांतून पाणी वाहून जाईल अशी कुदळीने केलेली शेती. चांगली जमीन जमीनदाराकडे, म्हणून गरीब कुटुंबं उतारावर वर वर सरकत गेली. 1845 साली बटाट्यावर करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगांनी मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या बेटाची लोकसंख्या आजही 1841च्या आकड्यापर्यंत परतलेली नाही. अनेक वरंबे तेव्हापासून तसेच पडून आहेत. काही नंतर, हळूहळू सुटले. अॅचिल बेटावर स्लीवमोर डोंगराच्या पायथ्याशी छप्पर नसलेल्या दगडी घरांची आख्खी वस्ती आहे, आणि तिच्या भोवती त्याच रेघा.

मग प्रश्न असा, की दुसऱ्याच्या उपासमारीची खूण आपल्याला सुंदर वाटली आणि आपण ती बाहीवर विणली, तर त्यात काही गैर आहे का?

घाईने ‘हो’ म्हणण्याआधी अॅरन स्वेटरची गोष्ट बघू. वेण्या, चौकटी, जाळ्या असलेला तो पांढरा स्वेटर तुम्ही पाहिलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. त्याची विकाऊ कथा अशी: अॅरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी वीण होती, कोळी समुद्रात बुडाला आणि महिन्याने किनाऱ्याला लागला की स्वेटरवरून त्याला ओळखत. दुकानांतून ही कथा आजही स्वेटरसोबत मिळते. ती खरी नाही.

तिचं एक मूळ सापडतं. जे. एम. सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात (पहिला प्रयोग 1904) बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते. घराण्याच्या विणीवरून नाही. तो तिने स्वतः विणलेला असतो, टाके किती घातले आणि किती गाळले ते तिला ठाऊक असतं. या साध्या, अंगावर येणाऱ्या प्रसंगाचा पुढे घराण्यांच्या चिन्हांचा बाजार झाला. 1930च्या दशकात ऑक्सफर्डचे लोकरीचे व्यापारी हाइन्झ एडगर कीवे यांना डब्लिनमध्ये असा स्वेटर मिळाला. त्यांनी त्याचं नातं थेट ‘बुक ऑफ केल्स’ या हजाराहून अधिक वर्षं जुन्या हस्तलिखिताशी जोडलं आणि 1967 साली विणकामाच्या पवित्र इतिहासावर पुस्तकच लिहिलं.

प्रत्यक्षात हा स्वेटर बराच अलीकडचा, साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. 1891 साली सरकारने पश्चिमेच्या दरिद्री भागासाठी एक मंडळ नेमलं होतं, तेव्हापासून मासेमारीला आणि घरगुती उद्योगांना हातभार मिळू लागला. बाहेरून मच्छीमारांचे विणलेले स्वेटर बेटांवर पोचले. बेटावरच्या बायकांनी ती वीण उचलली, बदलली, भरगच्च केली आणि पुढे पैशासाठी विकली. स्कॉटलंडच्या डिझायनर अॅलिस स्टारमोर यांनी 1997च्या ‘अॅरन निटिंग’मध्ये हे मिथक जवळजवळ उसवूनच दाखवलं आहे.

म्हणजे या बायकांनीही दुसरीकडून उचललंच होतं. उचलणं हीच चोरी ठरवली तर अख्खं विणकाम गुन्हेगार ठरेल. टाका सुईवरून सुईवर जातो तसा हातावरून हातावरही जातो, आणि त्यात मला तरी काही खटकत नाही.

मला खटकते ती बुडालेल्या कोळ्याची कथा. तिच्यामुळे विणणारी बाई गायब झाली. तिला नवं सुचलं होतं, तिने हिशेब केला होता, दोन पैसे कमावले होते. आजच्या भाषेत ती डिझायनर होती. कथेने तिला ‘प्राचीन परंपरेची वाहक’ करून टाकलं, म्हणजे जिला स्वतःचं असं काही सुचत नाही. आज पॅटर्नच्या पीडीएफवर डिझायनरचं नाव असतं, कॉपीराइटची खूण असते. तिच्या वाट्याला ‘परंपरा’ आली. (परंपरेला मानधन द्यावं लागत नाही, ही सोय आहेच.)

लोकरीचंही असंच. ‘आयरिश’ म्हणून विकले जाणारे कितीतरी स्वेटर मऊ मेरिनोचे असतात आणि ती लोकर बाहेरून येते. फोटोतल्या डोंगरावर चरणाऱ्या मेंढीची लोकर जाडीभरडी. अलीकडे तिला इतका कमी भाव मिळतो की कातरायचा खर्चही निघत नाही. फोटो मेंढीचा, पैसे मेरिनोचे.

यावर कुणी म्हणेल, मग लेबलवर खरा इतिहास छापा, दुष्काळ छापा. पण दुःखही उत्तम विकलं जातं. बुडालेल्या कोळ्याने ते शंभर वर्षं सिद्ध केलं आहे. ‘दुष्काळ’ नावाची करडी-हिरवी लडी कुणी काढली तर मी ती घेणार नाही, आणि ज्याने नाव दिलं त्याच्याकडे जरा संशयानेच बघेन. दुसऱ्या टोकाला, त्या उताराला नुसतं ‘शांत, अस्पर्श निसर्ग’ म्हणणं मला जास्त वाईट वाटतं. तो अस्पर्श नाही. हातभर जमिनीसाठी कुणीतरी पाठीवरून शेवाळाची ओझी वाहून तो घडवला आहे. तो शांत आहे, कारण माणसं उरली नाहीत.

पॅटर्नच्या पहिल्या पानावर ‘प्रेरणा’ नावाचा परिच्छेद असतो. त्यात धुकं आणि चहाचा कप असतो, असू दे. त्याच्याखाली दोन ओळी मला पुरतील: या उतारावर बटाटे लावत असत, हे वरंबे त्यांचे आहेत, लावणारे मेले किंवा निघून गेले. मग लगेच टाक्यांची संख्या, सुईचा नंबर, आणि पहिली ओळ: दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत.