आरंभाचे प्रामाण्य

ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरावे, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेतील मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, स्वतःसिद्ध असते आणि खोटेपणा तेवढा बाहेरून, बाधक ज्ञानामुळे कळतो. नैयायिकांच्या मते मात्र दोन्ही बाहेरूनच ठरतात. त्यावर मीमांसकांचा आक्षेप असा की, प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण लागू लागले तर अनवस्था, म्हणजे कोठेच न थांबणारी मालिका, ओढवते.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदतात तेव्हा हा वाद यंत्रातही उभा राहतो. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर असते, पण तिला तेथून स्मृतीत आणण्यासाठी आधी दुसरा प्रोग्राम चालावा लागतो, तोच बूटलोडर. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधील ४४६ बाइट या आरंभीच्या कोडसाठी असतात, आणि बायोस सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइटांतील ठरावीक खूण पाहून, अधिक चौकशी न करता, त्याच्या हाती सूत्रे देतो. ही मीमांसकांची वृत्ती होय. सिक्युअर बूट नैयायिकांच्या वाटेने जाते: फर्मवेअर बूटलोडरची डिजिटल सही तपासते, बूटलोडर कर्नलची तपासतो, तरीही ही साखळी फर्मवेअरमध्ये आधीच ठेवलेल्या किल्लीपाशी थांबते आणि तिच्यावर विश्वासच ठेवावा लागतो.

लिनक्सनंतर विंडोज बसवले की बायोस पद्धतीत पहिल्या सेक्टरमधला ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, कोड पुसला जातो, तर यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीत बहुधा बूटक्रम तेवढा बदलतो. लिनक्स दिसेनासे होते आणि घाबरलेला माणूस सर्व काही गेले असे समजून डिस्क फॉरमॅट करायला निघतो. खरा अनर्थ येथे घडतो, कारण वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून अभाव ठरतो. या अटीला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात, आणि वाट दाखवणारा बूटलोडरच नाहीसा झाला असता ती अट पुरी होत नाही.

म्हणून दोषाचा शोध बाहेरून घ्यावा लागतो. लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करून लिनक्सचे पार्टिशन माउंट केले की फाइली बहुधा जागच्या जागी आढळतात. मग त्या प्रणालीत शिरून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञा द्यायच्या असतात. ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असल्याने मेनूत विंडोज न दिसल्यास तेही नष्ट झाले असे मानू नये.

दुरुस्ती खरी ठरते ती मेनूतून दोन्ही प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. नैयायिक ज्याला सफल प्रवृत्ती म्हणतात ती कसोटी हीच. आरंभापुरते मीमांसकांचे खरे आणि पडताळ्यापुरते नैयायिकांचे, हे ज्याला उमगले तो बाहेरून एकदा पाहिल्यावाचून काहीही पुसत नाही.