आधी पान, मग फुलपाखरू



दरवर्षी १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा ‘सृष्टीचा काळ’ पाळते. या दिवसांत झाडे लावा, जंगले वाचवा, असे आपण पुष्कळ ऐकतो. ते योग्यच आहे. पण ज्याचे पोट जमिनीवर आहे त्याने जंगल राखायचे म्हटले, तर खायचे काय? संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कोरड्या प्रेमाचा चांगलाच समाचार घेतो. उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे. शेतकऱ्याला ‘जंगल राख’ असे सांगून त्याच्या चुलीची चौकशी न करणारे निसर्गप्रेमही त्याच जातीचे!

या प्रश्नाला मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाने जे उत्तर दिले, त्याची आज ओळख करून घेऊ या. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. कॅथलिक धर्माला तिथल्या राज्यघटनेत राजधर्माचे स्थान आहे. १९४८ साली या देशाने आपले सैन्यच बरखास्त केले. १९४० च्या सुमारास देशाचा जवळजवळ पाऊण भाग जंगलाखाली होता. पुढे अमेरिकेत गोमांसाची मागणी वाढली, गुरे पाळण्यासाठी बँका कर्ज देऊ लागल्या आणि झाडे तोडून जमीन मोकळी करणे ही ‘सुधारणा’ मानली जाऊ लागली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जेमतेम चौथा हिस्सा जंगल उरले. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. मुलाबाळांच्या भाकरीसाठी त्यांनी कुऱ्हाड हाती घेतली होती. मग गोमांसाचे भाव कोसळले आणि अनेक कुरणे ओस पडली.

याच दशकात तिथे एक आगळीवेगळी शेती सुरू झाली. ती म्हणजे फुलपाखरांची. युरोप-अमेरिकेत काचेची मोठमोठी उद्याने आहेत आणि त्यांत जिवंत फुलपाखरे सोडतात. फुलपाखरू फार दिवस जगत नाही, म्हणून नवी फुलपाखरे सतत लागतात. कोस्टा रिकातील अनेक लहान शेतकरी जाळीच्या मांडवात फुलपाखरे वाढवतात, त्यांचे कोश कापसात गुंडाळून खोक्यात भरतात आणि ते विमानाने परदेशी जातात. कोश फुटण्याआधी, अवघ्या काही दिवसांत, ते पोहोचवावे लागतात. चमकदार निळ्या पंखांच्या ‘मॉर्फो’ फुलपाखराला विशेष मागणी असते.

आता यातली खरी मेख पाहा. फुलपाखराच्या प्रत्येक जातीचा सुरवंट ठरावीक झाडांचीच पाने खातो. मादी पानावर बसून पायांनी त्याची चव घेते आणि योग्य झाड असेल तरच अंडी घालते. सुरवंट तर दिवसभर खातच असतो. म्हणून या शेतकऱ्याचा बराचसा वेळ पाने पिकवण्यात जातो. फुलपाखरांची शेती म्हणजे खरे पाहता पानांची शेती! ती झाडे मुळात जंगलातली. फुलपाखरांचा वंश जोमदार राहावा म्हणून अधूनमधून नवे रक्तही जंगलातूनच आणावे लागते. ज्या जंगलाकडे काल जळाऊ लाकूड म्हणून पाहिले जात होते, ते आज शेतकऱ्याचे बियाण्याचे कोठार झाले. शिवाय या शेतीला जागा थोडी लागते. एक मांडव आणि एक बाग पुरते. डोंगरउतारावर गुरे सोडण्याची गरज उरत नाही आणि ती जमीन विसावा घेऊ शकते. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीलाही तिचा शब्बाथ मिळावा, असा नियम आहे. तो नियम इथे नव्या रूपात दिसतो.

काही ठिकाणी कोशांच्या विक्रीतून आणि पाहुण्यांकडून मिळणारा पैसा जुनी कुरणे घेऊन तिथे जंगल परत आणण्यासाठी खर्च होतो. पण कुरणाचे जंगल आपोआप होत नाही. देशाच्या वायव्येला गुआनाकास्ते येथे १९८५ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. १९९९ साली युनेस्कोने त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. तिथल्या कुरणांत आफ्रिकेतून आणलेले उंच गवत माजले होते. दर उन्हाळ्यात ते पेटे आणि कोवळी रोपे जाळून टाकी. म्हणून आधी वणवे थांबवले, आणि त्या कामावर गावातलीच माणसे नेमली. जिथे पाऊस जास्त, तिथे गवताला सावलीत कोंडण्यासाठी एक झपाट्याने वाढणारे झाड लावले. ते झाड मूळचे आपल्या बाजूचे. त्याला आपण शिवण म्हणतो! शिवणीच्या सावलीत गवत मेले. पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी बिया आणून टाकल्या आणि रानातली झाडे उगवली. संत मार्कच्या शुभवर्तमानात (४:२६-२९) बी पेरून झोपी जाणारा माणूस आहे. बी कसे वाढते ते त्यालाही कळत नाही. माणसाने वणवा थांबवायचा, सावली धरायची. वाढवणारा परमेश्वर आहे.

१९९६ साली देशाने नैसर्गिक जंगल तोडून जमीन दुसऱ्या कामी लावण्यास बंदी केली. नुसती बंदी करून सरकार थांबले नाही. इंधनावरील कराचा काही भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना देण्याची सोय झाली. आज देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर पुन्हा झाडी आहे.

मग एक प्रश्न उरतो. फुलपाखरू विकले जाते म्हणूनच जर जंगल राहत असेल, तर बाजार बसला की काय होईल? हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१९ साली कोस्टा रिकाला सुमारे ३१ लाख परदेशी पाहुणे आले होते. २०२० च्या महामारीत ते जेमतेम १० लाखांवर आले. परदेशातील फुलपाखरांच्या उद्यानांनाही टाळी लागली. संत थॉमस अक्विनास यांनी चांगल्या गोष्टींत तीन भेद केले आहेत: जी उपयोगी म्हणून चांगली, जी आनंद देते म्हणून चांगली आणि जी स्वतःच चांगली. शेतकऱ्याला फुलपाखरू उपयोगी आहे, पाहुण्याला आनंददायक आहे. दोन्ही गोष्टी योग्य आहेत, त्यांत पाप नाही. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस निर्माण होण्याआधीच, म्हणजे गिऱ्हाईक नसतानाच, परमेश्वराला आपली सृष्टी चांगली दिसली. बाजार आपल्याला जंगलाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत शिरायला श्रद्धेची नजर लागते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात हेच दोन धागे एकत्र विणले: गरिबाचा आक्रोश आणि भूमीचा आक्रोश वेगळे ऐकू नका.

बंधुभगिनींनो, आपण काय करावे? घरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहा. २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ‘ब्लू मॉर्मन’चा सुरवंट लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतो. पाने कुरतडलेली दिसली की आपला हात लगेच फवारणीकडे जातो. आपल्याला फुलपाखरू हवे असते, पण सुरवंट नको असतो! पुनरुत्थानाचा रविवार हवा, पण शुक्रवार नको, तसेच हे. या आठवड्यात चार पाने त्याच्यासाठी सोडा.

आणि त्याहून महत्त्वाचे: आपल्यापैकी ज्यांनी अजून शेत, बाग वा चार झाडे राखली आहेत, त्यांना ‘विकू नका हो’ असा फुकटचा सल्ला देण्याआधी त्यांची भाजी, फळे, फुले योग्य भावात घ्या. दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्यांचा हिरवा तुकडा सगळ्या गावाला सावली देतो. त्याची किंमत त्यांनी एकट्यानेच का मोजावी? आधी पान, मग फुलपाखरू. आधी भावाची भाकर, मग हिरवाईच्या गोष्टी.

सृष्टीचा निर्माता परमेश्वर तुमच्या घरांना, शेतांना आणि मुलाबाळांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू