चावा कुणाच्या खात्यावर?

कुत्रा चावला तर पाप कुणाला लागतं? प्रश्न पोरकट वाटेल, पण माणसांनी तो फार गांभीर्याने सोडवलेला आहे. फ्रान्समधल्या फालेझ गावात १३८६ साली एका डुकरिणीने लहान मूल मारलं, तेव्हा तिच्यावर रीतसर खटला चालला आणि तिला फाशी दिली गेली. जनावरालाच गुन्हेगार ठरवलं की बाकीचे सगळे मोकळे.

आपल्या परंपरेत ही सोय नाही. कर्मविचाराने पशूचा जन्म भोगयोनीत घातला. नवं पापपुण्य जोडण्याची मुभा आणि जोखीम माणसाकडे ठेवली. कुत्रा भीतीने चावतो, दुखणं असलं म्हणून चावतो, पिल्लांपाशी कुणी गेलं तर चावतो. त्याला दोष नाही. पण दोष विरून जात नाही, तो साखळीच्या दुसऱ्या टोकाला सरकतो.

याज्ञवल्क्यस्मृतीने हे फार नेमकं हेरलं आहे. दाढांच्या किंवा शिंगांच्या जनावराने माणसाला धरलं आणि मालकाने, सोडवण्याची ताकद असूनही, सोडवलं नाही तर त्याला दंड. सापडलेला माणूस ओरडत असूनही तो हलला नाही, तर दुप्पट. स्मृतिकाराने जनावर किती उग्र होतं ते विचारलं नाही. मालक काय करू शकत होता, ते विचारलं. बायबलच्या निर्गम पुस्तकात मारक्या बैलाबद्दल असाच सवाल आहे: मालकाला आधी बजावलं होतं का? बजावूनही त्याने बैल आवरला नसेल आणि माणूस मेला, तर बैलाबरोबर मालकालाही मरणाची शिक्षा सांगितली आहे.

आजचा कायदा पुष्कळ मऊ आहे. पाळीव जनावराबाबत हलगर्जीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि सोसायटीच्या लिफ्टपाशी काय ऐकू येतं? "घाबरू नकोस, काही करत नाही तो." समोर शाळेचं दप्तर लावलेली मुलगी भिंतीला चिकटलेली. कुत्र्याचं अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर तिच्यावर रोखलेली. हे ताठरणंच त्याचं बजावणं असतं. मालकाने तिथेच पट्टा आखडून दोन पावलं मागे घ्यायला हवीत. तो मात्र कुत्र्याच्या स्वभावाची हमी देत उभा राहतो. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा अनेकदा थेट चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. जी हमी खोटी ठरल्यावर दुसऱ्याच्या लेकराने सोसायचं, ती देण्याचा हक्क मालकाला कुणी दिला?

भारतात २०२४ साली कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. जखमेवर चुना किंवा तिखट भरणारी घरं अजून आहेत. खरं काम साधं आहे: साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या लशीची. आताची लस दंडात देतात. रक्त आलं असेल तर बहुधा जखमेतच वेगळं सीरमही द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून "बघू उद्या" इथे चालत नाही.

भटक्या कुत्र्यांपाशी प्रश्न खरा अवघड होतो, कारण साखळीचं दुसरं टोक सापडत नाही. रोज संध्याकाळी पोळ्या टाकणारा माणूस स्वतःला मालक म्हणवत नाही. मनात असते भूतदया, आणि ती खोटी नसते. महाभारतातला युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नकार देतो, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. पण आश्रिताला न सोडण्याची किंमत तो स्वतःच्या स्वर्गाने मोजायला तयार होता, शेजाऱ्याच्या पोराच्या पोटरीने नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये वाटेल त्या रस्त्यावर खाऊ घालण्याला मनाई करून ठरावीक जागा नेमायला सांगितलं, ते या दृष्टीने रास्तच. नसबंदी आणि लसीकरण हे पालिकेचं काम खरं; पण रोजच्या पोळीने ज्याच्या हाताला कुत्रा सरावला, त्याच्याइतक्या सहज तो दुसऱ्या कुणाला सापडत नाही. पालिकेची गाडी येईल त्या सकाळी त्याने तिथे हजर असावं. आणि त्या कुत्र्याने कुणाला चावलंच, तर त्याच्यावर पुढचे १० दिवस नजर ठेवून दवाखान्याला खबर देणं हेही त्याच्याच वाट्याचं.