निर्मिक एकच कशावरून?

ईश्वर तर्काने सिद्ध होतो का, हा वाद आपल्याकडे बहुधा घटापासून सुरू होतो. घट आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे. पृथ्वी, अंकुर हीही कार्येच, तेव्हा त्यांनाही कर्ता हवा. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे अनुमान फार कसून मांडले. पण कोल्हापुरात त्याचा विचार करायचा तर समोरची बाजू नजरेआड करता येत नाही. या मुलखात जैन शेतकऱ्यांची जुनी आणि मोठी वस्ती आहे, शहरात लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ आहे, आणि जैन दर्शन सृष्टिकर्ता मानतच नाही. शाहू महाराजांनी 1919 साली राजाराम कॉलेज एकेश्वरवादी आर्य समाजाच्या हाती दिले. त्याच कॉलेजात 1930 पासून अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी योगींदूंचा ‘परमात्मप्रकाश’ संपादित केला. त्यातला परमात्मा जगाचा कर्ता नाही, तो जीवाचेच कर्ममलरहित शुद्ध रूप आहे. नीती, तप, अहिंसा सगळे आहे, फक्त निर्माता नाही. ‘देव नाही म्हटले की माणूस स्वैर सुटतो’ हा नेहमीचा युक्तिवाद इथे पहिल्याच पावलाला अडखळतो, आणि तो सोडून दिलेलाच बरा.

जैनांचा नेमका आक्षेप पाहावा. तेराव्या शतकात मल्लिषेणसूरींनी ‘स्याद्वादमंजरी’त नैयायिकांना, म्हणजे उदयनाचार्यांच्या न्यायपरंपरेला विचारले, की कर्ता असेलही, पण तो एकच कशावरून? वारूळ एक असते आणि ते असंख्य मुंग्या बांधतात; प्रासाद एक असतो आणि त्यावर अनेक कारागिरांचे हात फिरलेले असतात. पुढे सुमारे पाचशे वर्षांनी, 1779 साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या संवादांत घर आणि जहाज यांचे दाखले देऊन हाच प्रश्न आला. नैयायिकांचे उत्तर लाघवाचे: एकाने भागत असेल तर अनेक मानू नयेत. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. कमीत कमी मानावे हा विचाराच्या शिस्तीचा नियम झाला; वस्तुस्थिती त्या शिस्तीने चालते याला पुरावा काय? माझ्या मते कर्त्याचे एकपण घटावरून सिद्ध होत नाही. होणार असेल तर ते दुसऱ्या बाजूने, नियमाच्या एकपणावरून.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाचेच बघा. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्यापर्यंत सरकतात आणि चरण, कंबर, मुख अशी क्रमाने चढत जातात. वर्षातून दोनदाच, आणि याच तारखांना का? 10 नोव्हेंबर आणि 1 फेब्रुवारी हे दोन्ही दिवस डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून जवळपास सारख्याच, 41-42 दिवसांच्या अंतरावर आहेत. त्या दोन वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो. मंदिर बांधणाऱ्यांना हे निरीक्षणाने ठाऊक असणार. एखाद्या वर्षी किरणे मुखापर्यंत पोचत नाहीत, तेव्हाही कोणी सूर्याने वाट बदलली असे म्हणत नाही. ढग, धूलिकण, वाटेत उभी राहिलेली बांधकामे शोधली जातात. म्हणजे जिथे नियम मोडल्यासारखा वाटतो तिथेही आपण दुसरा नियमच शोधतो, आणि तो सापडतो. जो हिशेब कोल्हापूरच्या महाद्वाराला, तोच पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्याही दाराला. सृष्टीचे आधार अनेक आणि परस्परस्वतंत्र असते, तर हा एकच हिशेब सगळीकडे का लागू व्हावा?

यावर म्हणता येईल की अनेकांनी संगनमताने एक नियम पाळला असेल, मुंग्यांसारखा. पण मुंग्यांचे वारूळ एकसंध होते ते सगळ्यांत एकच उपजत रीत असते म्हणून. अनेक कर्त्यांना बांधणारी रीत मानली, की ती रीतच त्यांच्याहून मूळची ठरते आणि अनेकत्व वरवरचे राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जग अनादि आहे, नियमही अनादि, मग आणखी आधार कशाला? पण अनादि म्हटल्याने प्रश्न फक्त मागे ढकलला जातो. नियम स्वतः काही करत नाही, वस्तू कशा वागतात त्याचे ते वर्णन आहे; आणि वस्तू दुसऱ्या कशा तरी वागू शकल्या असत्या, हे तर उरतेच. अनेक शक्यतांतून एक निवडली जाणे आपल्या अनुभवात हेतूपाशीच दिसते, म्हणून त्या आधाराला चेतन मानायचे. हे पाऊल आधीच्या पावलांइतके पक्के नाही. एकपण बऱ्यापैकी ठामपणे सांगता येते, चैतन्य संभवनीय म्हणून.

मग त्याचे स्वरूप काय? या वाटेने हाती येतो तो निःपक्षपाती ईश्वर. दयाळूपणा त्यातून निघत नाही, आणि तो ओढूनताणून काढू नये. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, तेव्हा पाण्याला देऊळ, मशीद, जैन बस्ती असा भेद नव्हता. पूररेषेत घरे बांधली हा माणसांचा दोष खरा, पण पाऊस माणसांनी पाडला नव्हता. ‘ही परीक्षा होती’ असे उत्तर देणाऱ्याने आधी परीक्षक दयाळू आहे हे गृहीत धरलेले असते, आणि सिद्ध तर तेच करायचे असते. दयेवर श्रद्धा ठेवायला कुणाची ना नाही, पण या तर्काच्या जमाखर्चात ती मांडता येत नाही.

आणि तरीही निःपक्षपातीपणा ही किरकोळ मिळकत नव्हे. जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या पश्चात 1891 साली प्रसिद्ध झाले; त्यातला निर्मिक सर्व स्त्री-पुरुषांचा सारखाच निर्माता आहे, आणि सगळा भर त्या ‘सारखाच’वर आहे. ज्याचा नियम जात पाहून वाकत नाही, त्याच्यापर्यंत पोचण्याचा मक्ता एका जातीकडे असूच शकत नाही. वेदोक्त प्रकरणाची, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मण पुरोहितांनी दिलेल्या नकाराची झळ सोसलेल्या कोल्हापुरात हा युक्तिवाद पुस्तकात राहिला नाही. 1911 मध्ये इथे फुल्यांचा सत्यशोधक समाज उभा राहिला. पण याच तर्काची धार शाहू महाराजांच्या एका निर्णयालाही लागते. 1920 साली त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. ब्राह्मणी धर्मपीठाला पर्याय हवा होता ही निकड समजते, आणि त्या काळात ती लहान नव्हती. मात्र मध्यस्थ बदलणे वेगळे आणि मध्यस्थीच अनावश्यक ठरवणे वेगळे. निर्मिकाच्या एकपणावरून निघतो तो दुसरा निष्कर्ष, आणि क्षात्रजगद्गुरूंच्या पीठाला तो तितकाच लागू आहे.