तलावाचं देणं

लॉस एंजेलिसहून मॅमथच्या बर्फाकडे निघालं की हायवे ३९५ लागतो. लोन पाइन गावाच्या थोडं अलीकडे, उजव्या हाताला, एक पांढुरकं सपाट मैदान लांबवर पसरलेलं दिसतं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. नकाशावर त्याचं नाव आहे ओवेन्स लेक.

१९१३ साली विल्यम मुलहॉलंड या इंजिनियरने २३३ मैलांचा कालवा बांधून ओवेन्स नदीचं पाणी लॉस एंजेलिसला आणलं. पंप नाहीत, पाणी सगळं उताराने वाहत येतं. आजही तोंडात बोट घालावं असं ते काम आहे. पण त्यासाठीच्या जमिनी शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी आधीच गुपचूप घेऊन ठेवल्या होत्या, आणि विकणाऱ्या अनेकांना वाटत होतं की त्या केंद्र सरकारच्या सिंचन योजनेसाठी चालल्या आहेत. इकडे सॅन फर्नांडो व्हॅलीत ज्यांनी वेळेवर जमिनी घेतल्या ते गबर झाले. १९२६च्या सुमारास तलाव आटला. शंभरएक चौरस मैलांचा उघडा तळ वाऱ्यावर उडू लागला. त्या बारीक धुळीत आर्सेनिकही होतं. धुळीच्या प्रदूषणाची देशातली सर्वांत मोठी जागा म्हणून पुढे हा तलाव ओळखला जाऊ लागला.

आता समजा, आपल्यातलाच कुणी १९९८ साली एच-वनवर इकडे आला. पुढे नॉर्थरिजला घर घेतलं, मागच्या अंगणात लिंबू आणि कढीपत्ता लावला. त्याने कुणाला फसवलं नाही, मत दिलं नाही, कालवा तर पाहिलाही नाही. त्याचं ओवेन्स लेकशी काही देणंघेणं आहे का?

‘तेव्हा आम्ही नव्हतोच’ हे झटपट सुचणारं उत्तर. ते खोटं नाही. पण हे उत्तर इथे गुलामगिरीबद्दल ऐकू येतं आणि आपल्याकडे जातीबद्दल, म्हणून ते जरा जपूनच वापरावं.

शिवाय मुंबईहून आलेल्या माणसाला ते दुसऱ्यांदा वापरावं लागतं. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. वीज जाणार होती मुंबईला, बुडणार होती भाताची खाचरं. पुण्यात राहणाऱ्या ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांचा ओढा भरपाई घेऊन मोकळं होण्याकडे होता. कसणाऱ्या कुळांच्या हाती मात्र फारसं काही पडणार नव्हतं. सेनापती बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. धरण झालं. योगायोग असा की १९२४ साली, लढा संपत आलेला असताना, ओवेन्स खोऱ्यातले शेतकरीही कालव्याच्या दरवाजांवर चालून गेले आणि काही दिवस पाणी अडवून बसले. दोन्हीकडे नेमकी हरणारी बाजू हरली. आणि आपण एकदा तिकडच्या दिव्याखाली अभ्यास केला, नंतर इकडच्या नळाखाली हात धुतले.

मला वाटतं, घोळ ‘दोष’ आणि ‘ऋण’ यांत गल्लत केल्यामुळे होतो. दोष लागतो केल्याने, ऋण होतं घेतल्याने. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना आपल्याला नवीन नाही: माणूस काही न करताच ऋणात जन्मतो आणि त्यात शरम वाटण्यासारखं काही नसतं. (या कल्पनेचा वापर माणसांना मुकाट ठेवायलाही भरपूर झाला, हे खरं.) नॉर्थरिजच्या माणसाचा दोष शून्य आहे, देणं नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. असं मोजायला बसलं तर कापसापासून मोबाइलपर्यंत सगळ्याच गोष्टींचं देणं निघेल, मग माणसाने जगायचं कसं? खरं आहे. पण सगळी देणी सारखी धूसर नसतात. इथे घेतलेल्या वस्तूचं मोजमाप आहे, तारीख आहे, ज्याचं घेतलं त्याचा पत्ता आहे. असं कर्ज ‘जगरहाटी’ म्हणून सोडून देता येत नाही.

आणि ते फिटतं कधी? २००० सालापासून लॉस एंजेलिस शहराने त्या तळावर धूळ बसवण्यासाठी दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला आहे. खडी पसरली, खारं गवत लावलं, आणि गंमत म्हणजे नेलेल्या पाण्यातलंच थोडं परत ओतलं. शहराने हे आपण होऊन केलेलं नाही. हवेचे कायदे होते, कोर्ट होतं, आणि खोऱ्यातली माणसं वर्षानुवर्षं चिवटपणे भांडली. हा खर्च पाण्याच्या बिलातून जातो, म्हणजे आपला नॉर्थरिजचा माणूस नकळत हप्ते भरतोच आहे. नकळत भरलेला हप्ता खात्यावर जमा होतो, पण त्याला कृतज्ञता म्हणता येईल का, याबद्दल मी साशंक आहे.

याच लॉस एंजेलिसच्या परिसरात इराणबाहेरची सर्वांत मोठी इराणी वस्ती आहे, आणि त्यांच्या मायदेशातही असाच एक तलाव गेला. ऊर्मिया एकेकाळी सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर होता. त्यात येणाऱ्या नद्यांवर धरणं झाली, शेतांत विहिरी खोदल्या गेल्या, द्राक्षांच्या जागी जास्त पाणी पिणारी सफरचंदं आली. शिवाय दुष्काळ. २०२५च्या उन्हाळ्यात तो जवळजवळ कोरडा पडला. तिथे घेणारा आणि गमावणारा पुष्कळदा एकच शेतकरी असतो. सफरचंदाचे पैसे त्यानेच घेतले, मिठाची धूळही त्याच्याच रानात येते. शहरावर बोट दाखवावं अशी सोय नाही. २०११ साली तलाव वाचवा म्हणून लोक रस्त्यावर आले तेव्हा धरपकड झाली. ओवेन्सवाल्यांना निदान दावा लावता आला. जिथे मागणाऱ्याचं तोंडच बंद केलं जातं तिथे वसुली होत नाही, पण म्हणून कर्ज बुडालं असं कोण म्हणेल?

ओवेन्सच्या हिशेबात एक पान आणखी आधीचं आहे. ज्या शेतकऱ्यांना आपण इथवर लुबाडलेले म्हटलं, त्यांच्याही आधी त्या खोऱ्यात पायूट लोक होते. ते पाट काढून जमीन भिजवत. १८६३ साली लष्कराने त्यांच्यातल्या सुमारे हजार जणांना चालवत फोर्ट टेहोनला नेलं. बरेच जण पुढे परत आले. १९३०च्या दशकात शहराने त्यांच्याशी जमिनींची अदलाबदल केली. जमिनींचे कागद झाले, पाण्याच्या हक्काचं मात्र नंतर बघू म्हणून राहून गेलं. ते अजून राहिलेलंच आहे.