आदर आणि आस्वाद

विश्राम बेडेकर जन्माने अमरावतीचे (१९०६). त्यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीचे श्रेष्ठत्व मराठी समीक्षेत सामान्यतः मान्य झालेले आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’वर (१९६०) ज्याची अभिरुची पोसली, असा अमरावती-अकोल्याकडील एखादा वाचक ‘रणांगण’ची संयत शैली मान्य करूनही तिच्याविषयी कोमटच राहिला, तर दोष कोणाचा?

अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली. त्यांपैकी संभाव्यतेचा अभाव हे विघ्न कृतीतले, तर स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे रसिकातले. म्हणजे केवळ अनास्वादावरून दोषाचे स्थान ठरत नाही. कान्टच्या मते (१७९०) अभिरुचीचा निर्णय सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो. पण इतरांच्या स्तुतीने तो सिद्ध होत नाही. म्हणून न लाभलेला आस्वाद लाभल्याचे सांगणे हे असत्य होय. आणि स्वतःच्या कोमटपणालाच मूल्यनिर्णय मानणे हा अहंकार होय.

या दोहोंमधील वाट कारणमीमांसेची आहे. कौतिकची होरपळ संवादांतील वऱ्हाडी बोलीतून वाचकाला थेट भिडते. चक्रधर मात्र हॅर्टावरील प्रेम अनुभवतानाच ते तपासत असतो. निवेदनातील हे अंतर वाचकालाही दूर ठेवते. युद्धाच्या सावटाखाली माणसांची जवळीक तोकडी पडते, या आशयाचेच ते अंग असेल, तर वाचकाचा थंडपणाही कादंबरीच्या अर्थात सामावतो. नसेल, तर तो आक्षेप ठरतो. याचा निर्णय संहितेकडे परतूनच करावा लागतो; आणि तेवढे परतणे हेच आदराचे खरे रूप होय.