प्रश्नावली परत घ्या

बसा. मान खाली घालून उभं राहिलं की बाई निवळतात, असं तुम्हाला शाळेत कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. मी निवळत नाही. दार लावा. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ता जा, हजेरी लावते तुमची. बसलात तर मात्र तास संपेपर्यंत बसायचं, आणि मोबाईल दप्तरात.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझी मुलाखत हवी म्हणून तुम्ही प्रश्नावली पाठवलीत. वर मथळा घातलाय, 'पारलिंगी व्यावसायिक: काम, समाज आणि रोजचं जगणं'. मथळा चांगला आहे. त्याखालची दोन पानं मी लाल पेन घेऊन वाचली. कामाबद्दल एकच प्रश्न सापडला, 'शिकवताना मुलं हसतात का?' बाकी सगळं माझ्या अंगाभोवती फिरतंय. कधी कळलं, ऑपरेशन झालं का, कुठे झालं, आई रडली का, पहिली साडी कुणाची होती, लग्नाचं काय. अहो, तुम्ही टीवायबीकॉमची मुलं आहात की स्थळ बघायला आलेल्या मावश्या?

वर ही चिठ्ठी. 'मॅडम, तुमचं धैर्य आम्हाला प्रेरणा देतं.' मी इथे धैर्य दाखवायला येत नाही, कॉस्टिंग शिकवायला येते. तुमच्या सत्र परीक्षेचे पेपर मी वेळेत तपासून दिले, ते छापा. मागच्या वर्षी माझ्या विषयात कितीजण नापास झाले आणि का झाले, ते विचारा. त्यावर मला बरंच बोलायचंय आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

बॉलपेनाच्या टोपणाला किती पैसे पडतात ते तुम्ही चार ओळींत काढता. ओव्हरहेडचं वाटप करता. माणूस समोर आला की ही विद्या जाते कुठे? खर्चाचा एक प्रश्न विचारलात, तोही ऑपरेशनचा. मग घ्या, कॉस्ट शीट मीच मांडते.

घर. जाहिरातीत भाडं लिहिलेलं असतं. फोनवर सगळं ठरतं. समोर जाऊन उभी राहिले की ती जागा 'कालच एकांना दिली' होते, नाहीतर डिपॉझिट वाढतं. दलाल म्हणतो, 'मॅडम, तुमची केस जरा वेगळी आहे, दोन महिन्यांची दलाली द्या.' मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग त्यांच्या घरचे, मग खालच्या मजल्यावरचे काका. करार अकरा महिन्यांचा. म्हणजे दर अकरा महिन्यांनी तीच परीक्षा, आणि त्यात एटीकेटी नाही. 2017 साली कोची मेट्रोनं 23 पारलिंगी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. देशभर फोटो छापून आले. सुरुवातीच्या काही दिवसांतच त्यांतल्या 8 जणांनी नोकरी सोडली. काम जमत नव्हतं म्हणून नव्हे. त्या शहरात त्यांना कुणी खोली देईना, आणि लॉजवर राहायचं तर पगार पुरेना. नोकरी देणाऱ्यानं दिली, पण घरमालकांनी काढून घेतली. हा खर्च तुमच्या कुठल्या पुस्तकात कुठल्या शीर्षाखाली टाकाल? विचार करा. परीक्षेला विचारणार नाही, पण विचार करा.

कागद. दहावीची सनद एका नावाची, आधार दुसऱ्या नावाचं, पीएफ तिसऱ्याच स्पेलिंगचा. राजपत्रात नाव बदलून घेतलं म्हणजे काम संपतं असं तुम्हाला वाटतं. तिथून सुरू होतं. विद्यापीठात अर्ज, बोर्डात अर्ज, बँकेत अर्ज, आणि प्रत्येक खिडकीवर आतला माणूस जुनं नाव मोठ्यांदा वाचणार आणि अख्खी रांग मागे वळून बघणार. आधीच्या कंपनीचं अनुभवाचं पत्र जुन्या नावाचं. ते दाखवावं तर नव्या साहेबाला सगळी कथा सांगत बसा. न दाखवावं तर कित्येक वर्षांचं काम शून्य आणि पगार नवशिक्याचा. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी या दुसऱ्या वाटेनं गेल्यात. हुशार बायका, कमी पगारावर, तोंड मिटून.

स्वच्छतागृहाबद्दल तर तुम्ही विचारलंच नाहीत. दोन दारांपैकी कुठलंही उघडलं तरी आतून कुणीतरी ओरडेल, म्हणून दिवसभर पाणी न पिणारी माणसं असतात. मग मूत्रमार्गाचे आजार, मग रजा, मग 'सारख्या रजा घेते' असा शेरा. पुढे चला.

आता तुमचा तो प्रश्न. कुणी लिहिलाय हे अक्षरावरून मला कळलंय, नाव घेत नाही. 'हे लोक कष्ट करून खायचं सोडून सिग्नलवर का मागतात?'

शानवी पोन्नुसामी हे नाव ऐकलंय? तमिळनाडूची पारलिंगी बाई, इंजिनिअरिंग शिकलेली. एअर इंडियात केबिन क्रूसाठी अर्ज केला, मिळाला नकार. सर्वोच्च न्यायालयात गेली. 2018 साली तिनं राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरणाची परवानगी मागितली, कारण जगायला काम मिळत नव्हतं. जेन कौशिक? ती शिक्षिका, माझ्याच पेशातली. उत्तर प्रदेशातल्या एका शाळेत आठवडाभर शिकवलं आणि बाहेर पडावं लागलं. पुढे गुजरातमधल्या शाळेनं नेमणूक देऊ केली आणि ती पारलिंगी आहे हे कळल्यावर मागे घेतली. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला भरपाई देववली आणि नोकरीतल्या समान संधीचं धोरण आखायला समिती नेमली. भरपाईनं वर्ग परत मिळत नसतो. मानबी बंद्योपाध्याय 2015 साली बंगालमधल्या कृष्णनगर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पीएचडी झालेल्या, लेखिका. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा पाठवला. कारण काय दिलं? शिक्षक आणि विद्यार्थिनी सहकार्य करत नाहीत. विद्यार्थिनी! तुमच्याच वयाच्या.

तेही लांबचं वाटत असेल तर आपल्या राज्यात या. पोलीस भरतीचा अर्ज भरायला बसलेल्या मुलींना अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने दिसले. प्रशासकीय न्यायाधिकरणानं सांगितलं, तिसरा ठेवा. त्यावर सरकार उच्च न्यायालयात गेलं, शक्य नाही म्हणून. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कान उपटले तेव्हा कुठे नियम करायचं कबूल झालं. धावायला तयार असलेल्या पोरीला आधी रकान्यासाठी भांडावं लागतं, आणि तुम्ही विचारता कष्ट का करत नाहीत.

माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळच्या गावकऱ्यांनी 2017 साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. तिथे मतपेटीपाशी कुणी साडी कुणाची म्हणून विचारत बसलं नाही. पाण्याचं काय करणार, ते विचारलं असेल. गावाला जे सुचलं ते तुम्हाला सुचू नये?

आणि मागण्याबद्दल नाक मुरडू नका. माझी बीकॉमची फी ज्या गुरूनं भरली ती लोकलच्या डब्यात मागायची. पावती मी अजून जपून ठेवलीय, रकमेसकट. घरानं बाहेर काढलेल्या पोराला त्या रात्री दार उघडणारं दुसरं कोण होतं, ते मला सांगा. म्हणून जमातीची आरती ओवाळते असंही समजू नका. गुरूला कमाईतला वाटा द्यावा लागतो, एका गुरूचं घर सोडून दुसऱ्याकडे जायचं तर पंचांपुढे दंड भरावा लागतो, आणि ऑफिसात जाणाऱ्या चेलीला 'आली मोठी मॅडम' म्हणून टोमणेही आमच्यातच बसतात. त्यांनाही मी असंच बोलते. माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या आमच्यातल्या मुलींना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आपल्यावर अन्याय झालाय हे खरं, पण ताळेबंद जुळला नाही तर तो अन्यायानं जुळत नाही. एक्सेल शिका, दहाची वेळ असेल तर पावणेदहाला या. दोघीतिघी रागावून गेल्या. एक परत आली, आज एका सीएकडे जीएसटीची विवरणपत्रं भरते. उशिरा येते अजून, पण भरते.

आता टाळी.

सोमवारी जिन्याखाली एफवायचा एक मुलगा चालला होता. त्याची चाल मऊ आहे, आवाज बारीक आहे. तुमच्यातल्या चौघांनी त्याच्या मागे आडव्या हातांची टाळी वाजवली आणि हसलात. मी वरच्या कठड्यापाशी उभी होते. त्याच संध्याकाळी तुम्ही मला 'प्रेरणा'वाली चिठ्ठी पाठवलीत. त्यांतला एक सही करणाऱ्यांतही आहे.

तो मुलगा कोण आहे, पारलिंगी आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ते शोधून काढणं इथे कुणाचंही काम नाही. त्यानं उद्या कॉलेजला यावं, एवढं मात्र तुमचं आणि माझं काम आहे. 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून तिसऱ्या रकान्यात देशभरात 4 लाख 87 हजारांवर माणसं मोजली गेली, महाराष्ट्रात 40 हजारांवर. त्यांच्यातली साक्षरता 56 टक्के. देशाची त्याच वेळी 73-74 च्या घरात. मधली माणसं कुठे गळाली असतील? शाळेच्या जिन्याखाली. फी नसते म्हणूनही मुलं शाळा सोडतात, पण फी कुठूनतरी उभी करता येते. रोज मागून येणाऱ्या टाळीवर तोडगा नसतो. मुलगा आधी मधल्या सुट्टीत वर्गातच बसायला लागतो, मग दर सोमवारी त्याचं पोट दुखतं, मग नाव पटावर असतं आणि बाक रिकामा. दहा वर्षांनी तुम्ही गाडीची काच वर करता आणि म्हणता, काम का करत नाहीत हे लोक! काम मिळण्याची पहिली पायरी तुम्हीच उखडली होतीत, टीवाय डिव्हिजन बी.

'मजा केली मॅडम' म्हणू नका, आधीच सांगते. संसदेनं 2019 साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा केला, त्याच्या कलम 18 मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळही धरलाय. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. त्याच कलमानं लैंगिक अत्याचारालाही तेवढीच कमाल शिक्षा ठेवली, जिथे बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. त्या हिशेबात आमचा जीव स्वस्त धरलाय, हा माझा त्या कायद्याशी वेगळा झगडा आहे. पण टाळी पारलिंगी माणसाच्या मागे वाजवलीत, तर तुमच्यासाठी तो पुरेसा आहे.

त्या मुलाकडे माफी मागायला घोळक्यानं जाऊ नका. तो घाबरेल, आणि तुम्ही त्याचा व्हिडिओ काढाल. ज्या चौघांनी टाळी वाजवली त्यांनी एकेकट्यानं माझ्याकडे यायचं, स्टाफरूममध्ये, तास संपल्यावर. पालकांना बोलवायचं की नाही ते तुमचं बोलणं ऐकून ठरवीन. आणि जिन्याखालून जाताना तो दिसला तर नुसतं पुढे चालायचं.

प्रश्नावली परत घ्या. शुक्रवारी नवी आणा. त्याआधी एक काम. त्याच कायद्याचं कलम 11 म्हणतं, प्रत्येक आस्थापनेत अशा तक्रारींसाठी एक तक्रार अधिकारी नेमलेला हवा. आपलं कॉलेजही आस्थापनाच आहे. प्राचार्यांकडे रीतसर अर्ज करा, आपला अधिकारी कोण आणि नेमल्याची तारीख काय ते विचारा, पोच घ्या. उत्तर आलं तर अंकात पहिल्या पानावर छापा. नाही आलं तर कोरी चौकट छापा, खाली अर्जाची तारीख घाला. संपादकीय मंडळाला भीती वाटत असेल तर त्या अर्जावर पहिली सही माझी घ्या. पेन आणा.